काजळी जाळायची तर थांबायचं नाही

दुष्काळात तेरावा महिना, ही म्हण ज्यानं काढली तो कुणाचा जावई नसणार. तीन वर्षांतून एकदा अधिकमास येतो आणि तो आला की बीड जिल्ह्यातला जावई माणूस कडक इस्त्री करून सासुरवाडीची वाट धरतो. पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तुपाची धार, नवे कपडे, एखादं निरांजन, आणि या सगळ्यावर सासूचा आग्रह. एरवी कामाच्या रगाड्यात बायकोला विसरलेली माणसंसुद्धा या महिन्यात आपलं लग्न झालेलं आहे हे आवर्जून आठवतात.

तलवाड्याची वनमाला मात्र धोंड्याचा महिना लागल्यापासून काळजीनं दिवस मोजत होती. तिचं माहेर परळीचं. आई सारजाबाई तिथं एकटीच राहायची आणि तिचा एक नेम होता. धोंड्याच्या दिवशी जावई जेवल्याशिवाय आपण तोंडात काही घालायचं नाही. मागच्या अधिकमासात जावई पोचले ते दिवेलागणीला. म्हातारीला साखरेचा आजार. दिवसभर पाण्यावर बसलेली ती माउली जावयाच्या ताटात तूप वाढता वाढता तिथंच कोसळली होती. तेव्हापासून वनमालानं मनाशी धरलं होतं, पुढच्या धोंड्याला ऊन डोक्यावर असताना आईच्या पोटात घास गेलाच पाहिजे. आईला नेम मोड म्हणण्यात अर्थ नव्हता. "कवाबी या, मी हाय की बसलेली," एवढंच ती फोनवर म्हणायची.

जावई उशिरा का पोचले, तर जावयाचं नाव बद्रीनाथ. गावचे माजी उपसरपंच, सगळ्यांचे बद्रीआबा, आणि डोळा पंचायत समितीवर. त्यांचं राजकारणातलं तत्त्व एकच होतं. रस्त्यात कुणी हात केला की थांबायचं. मग तो बांधाचं भांडण सांगो, गुडघेदुखी सांगो, नाहीतर चहा पाजो. तलवाड्यापासून परळीपर्यंत हात न करणारं गाव नव्हतं, त्यामुळे सासुरवाडीला निघालेले आबा रस्त्यातच मुरायचे. फक्त कुणाची माती असली, म्हणजे कुणी वारलं असलं, तर मात्र आबा मधे कुठंही न थांबता थेट तिथं हजर होत. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं आणि आबांचा मान होता तो त्यामुळेच.

गाडी ते स्वतः चालवत नसत. नमस्काराला दोन्ही हात मोकळे लागतात. गाडी चालवायचा अंगद, आणि नव्या डिझेल गाडीत आबा शेजारी. चौकातल्या चहाच्या हॉटेलापुढं गाडी लागली की आबा आतच बसून दरबार भरवत, आणि इंजिन चालूच. एक तर उन्हाळा, एसी हवा. दुसरं म्हणजे गाडी बंद करून बसलेला पुढारी रिकामटेकडा दिसतो आणि चालू ठेवून बसलेला घाईत असलेला दिसतो, असं त्यांचं बारीक निरीक्षण होतं. तास तास घाईत असलेले आबा हॉटेलापुढं जागचे हलत नसत.

व्हायचं तेच झालं. धोंड्याला निघायच्या आदल्या दिवशी गाडीत पिवळा दिवा लागला. नळीमधे डबी आणि डबीत ठिपके, असं काहीतरी चित्र. आबांनी गेवराईहून बंकट मेकॅनिकला बोलावलं. बंकटनं लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आबा, गाडी पळती किती अन् उभी किती?"

"उभीच जास्त. पण चालू आसती."

"तितंच घोटाळा हाय. सायलेन्सराच्या नळीत एक जाळी आसती. डिझेलची काजळी तितं अडकती. गाडी रस्त्यावर दम धरून पळाली की जाळी लाल तापती अन् काजळी आपसूक जळून जाती. तुमची गाडी तापतच न्हाई. हाटेलाम्होरं बसून निसती काजळी खाती."

"मंग आता खोलतो का?"

"खोलायची गरज न्हाई. उद्या पळवा तिला. साठ-सत्तरनं, सलग. मधी बंद करू नका, उभी करू नका. गावातून हळू घेतली तर चालंल, पन चाक फिरतं ठिवा. दिवा आपोआप जातो. न्हाई गेला तर दुसरा दिवा लागंल, मंग गाडी जोरच धरनार न्हाई, अन् जाळीच बदलायची पाळी."

"मधी उभीच करायची न्हाई?" आबांचा आवाज चहा सोडायला सांगितल्यासारखा खोल गेला.

वनमाला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. बंकटचं बोलणं ऐकून तिला इतका आनंद झाला की कप बशीत वाजायला लागले. ती पुढं आली आणि म्हणाली, "बंकटभाऊ, म्हंजी कुनी हात केला तरी थांबायचं न्हाई?"

"न्हाई वहिनी."

"कुनीबी?"

"कुनीबी. अन् पोचल्यावर गाडी कडब्याजवळ, वाळल्या गवतावर लावू नका. खाली लई तापलेली आसती."

तिनं बंकटला दुसरा कप दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की डॉक्टरपेक्षा मेकॅनिक मोठा.

सकाळी अंगदचा पत्ता नव्हता. तोही कुणाचा तरी जावई होता आणि धोंडे खायला गेला होता. आबांचा चेहरा उजळला. ड्रायव्हर नाही म्हटल्यावर जाणं पुढं ढकलता आलं असतं, आणि माजलगावच्या फाट्यावर गहिनीनाथनं, म्हणजे त्यांच्या उजव्या हातानं, भाच्याच्या खताच्या दुकानाचं उद्घाटन ठेवलं होतं तेही निवांत झालं असतं. पण वनमाला हिरवं लुगडं नेसून, पदर खोचून चालकाच्या जागेवर बसली. घरच्या पिकअपवर ती कापसाच्या खेपा घालायची. लायसन होतं, हिंमत होती, फक्त आजवर कुणी तिला या गाडीचं स्टेअरिंग दिलं नव्हतं.

"तुमचा फोन द्या," ती म्हणाली.

"कावून?"

"फोनबी थांबवतोच मानसाला." तिनं तो आवाज बंद करून आपल्या पिशवीत टाकला आणि पिशवी मागं, अनारशांच्या डब्याखाली ठेवली.

वेशीतच केसरबाईनं हात केला. केसरबाई म्हणजे एका वस्तीची अख्खी मतं. आबांचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"जाळी," वनमाला म्हणाली.

"अगं, तिला निसतं माजलगावच्या फाट्यावर सोडायचं..."

"जाळी तापायची हाय."

केसरबाई मागं गेली. हात तसाच वर राहिलेला आरशात दिसत होता. मग चौकातलं हॉटेल आलं, तिथले सात-आठ हात एकदम वर झाले, आणि गाडी चाक फिरतं ठेवून त्यांच्यासमोरून निघून गेली. आबांनी काच खाली केली आणि बाहेर दोन्ही हात जोडून धरले. दुसरं ते करणार काय. पुढच्या प्रत्येक वस्तीत त्यांनी ते जोडलेले हात बाहेर काढले आणि वस्ती संपल्यावर आत घेतले. तोंडानं मात्र सारखी नावं चालू होती. हा गेला, तो गेला, अरे त्याच्या पोराचं बारसं होतं.

आणि वनमाला हसायला लागली. आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना नांगरलेली रानं तापून पडली होती, गाडी सत्तरवर सुरात चालली होती आणि पायाखालून एक घुमणारा आवाज येत होता. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. या रस्त्यावरून ती कितीदा माहेरी गेली असेल, पण तिला रस्ता असा कधी दिसलाच नव्हता. तिला दिसली होती ती थांबण्याची ठिकाणं.

"तुला कशाचं हसू येतंय?" आबांनी रुसून विचारलं.

"गाडी पळतीय," ती म्हणाली. "अवं, गाडी पळतीय."

माजलगावच्या फाट्यावर गहिनीनाथ वाट अडवूनच उभा होता. दुकानाला लाल फीत, हातात ताट, ताटात कात्री, खांद्यावर झेंडूचा हार. गाडी दिसताच त्यानं हार सावरला. वनमालानं वेग कमी केला, वळण घेतलं आणि पुन्हा वाढवला. आबा अर्धे बाहेर झुकले, जोडलेले हात हलवले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात फाटा मागं पडला. गहिनीनाथ ताट घेऊन चार पावलं पळाला. फीत तशीच राहिली.

"झालं," आबा म्हणाले. "पंचायत समिती झाली."

"दिवा अजून हाय," वनमाला म्हणाली, आणि ते तेव्हा खरं होतं.

तेलगावच्या अलीकडं मात्र गाडी खरंच अडली. सिदू धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती, एकामागं एक, संपता संपेनात. वनमालानं गाडी पहिल्या गिअरमधे मुंगीच्या पावलानं चालवायला घेतली. चाक फिरतं ठेवायचं. आबांना एवढं पुरे होतं. त्यांनी दार उघडलं आणि चालत्या गाडीतून खाली उतरले.

"उतरू नका," ती म्हणाली.

"गाडी चालूच हाय की. मी थांबलोय, गाडी कुटं थांबलीय?"

युक्तिवाद बिनतोड होता. आबा गाडीच्या बरोबरीनं चालत सिदूशी बोलायला लागले. मेंढरं कशी आहेत, बायकोचं, मनकर्णाचं, दुखणं कसं आहे, चारा कुठला. सिदू दुसऱ्या बाजूनं चालत उत्तरं देत होता. एवढ्यात शेवटचं कोकरू पलीकडं गेलं. पुढं रस्ता मोकळा झाला आणि वनमालाच्या पायानं तिला न विचारता ॲक्सिलरेटर दाबला.

आबा पळायला लागले. पांढरेशुभ्र कपडे, पायात नवी चप्पल, एक हात उघड्या दारावर. सिदूही काठी घेऊन शेजारी पळत होता.

"आबा, कुटं एवढ्या घाईनं?"

"परळीला," आबा धापा टाकत म्हणाले. "सासूबाईकडं. थांबता येत न्हाई, सिदू. आज थांबताच येत न्हाई." धुरळ्यानं आणि उन्हानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढं बोलून त्यांनी उडी मारली, दार ओढलं आणि सीटवर आडवे झाले. एक चप्पल सिदूकडं राहिली.

आबांनी पायातल्या उरलेल्या एका चपलेकडं पाहिलं. मग आबांच्या पोटातून एक गुडगुड उठली आणि ते हसायला लागले. आपण स्वतःच्याच गाडीमागं पळालो हे त्यांना आता कळलं होतं. वनमाला डोळे पुसत गाडी चालवत होती. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात हसले असतील तसे ते दोघं हसत होते, कारण नसताना, एक थांबला की दुसरा सुरू. एसटीच्या खिडकीतली माणसं त्यांच्याकडं टकामका बघत होती.

सिरसाळ्याला दिवा गेला. वनमालानं नेमका तेव्हाच खाली पाहिलं. पिवळं चित्र होतं, आणि मग नव्हतं. जाळी साफ झाली होती, काजळी जळून गेली होती, आता गाडी कुठंही उभी केली तरी चालणार होतं. समोर सिरसाळ्याचा चौक होता, आणि चौकात हात होते.

"गेला का दिवा?" आबांनी विचारलं.

तिनं एक क्षण विचार केला. "न्हाई अजून," ती म्हणाली आणि तिच्या अंगभर गुदगुल्या झाल्या.

आबांनी निमूटपणे काच खाली केली आणि जोडलेले हात बाहेर काढले. आरशात वनमालाला मागं धुरळा उठवत येणारी एक जीप दिसली, तिच्यामागं आणखी एक. पुढं जायचं असेल बिचाऱ्यांना, असं वाटून तिनं बाजू दिली, पण त्या काही पुढं आल्या नाहीत.

औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या तेव्हा सावल्या अजून पायाशी होत्या. वनमालानं शेजाऱ्यांची कडब्याची गंजी टाळून गाडी मोकळ्या जागेत उभी केली. खालून तापल्या लोखंडाचा वास येत होता. सारजाबाई अंगणात पडलेली केंद्राची राख झाडत होत्या. परळीला रोज सकाळी झाडा, दुपारी पुन्हा येते. गाडी बघून त्यांच्या हातातला झाडू पडला. त्यांनी सूर्याकडं पाहिलं, जावयाच्या एका पायातल्या चपलेकडं पाहिलं आणि छातीला हात लावला.

"वनमाले," त्या हळूच म्हणाल्या, "कोन गेलं गं?"

"कुनी न्हाई माय. धोंड्याला आलो."

"एवढ्या लवकर?"

खरं वाटायला त्यांना जरा वेळ लागला. मग मात्र त्यांची धांदल उडाली. भाकरतुकडा ओवाळला, पाट मांडले, रांगोळी काढली, धोंडे गरम केले. वनमाला बघत होती. आईचे ओठ कोरडे पडले होते, आणि चुलीपासून पाटापर्यंत येताना तिनं दोनदा भिंत धरली. पण ऊन डोक्यावर होतं, ताट वाढलेलं होतं, आबा हात धुऊन पाटावर बसले होते. त्यांनी धोंडा फोडला, तुपात बुडवला आणि घास उचलला.

बाहेर गाड्यांचे ब्रेक लागले. एक, दोन, चार, मग मोजणं अवघड. दारं उघडल्याचे आवाज आले आणि त्यानंतर एक विचित्र शांतता.

अंगणात माणसं भरत होती. डोक्याला उपरणी, मान खाली. पुढं गहिनीनाथ, हातात तोच झेंडूचा हार. मागं केसरबाई, पदर तोंडाला लावलेला. सिरसाळ्याच्या चौकातली ओळखीची तोंडं, आणि सगळ्यांत शेवटी सिदू, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात आबांची चप्पल. सारजाबाई तुपाची वाटी घेऊन दारात गेल्या.

"कोन पायजे?" त्यांनी विचारलं.

गहिनीनाथनं त्यांच्याकडं पाहिलं आणि हार पाठीमागं लपवला. केसरबाईनं पदर खाली घेतला आणि आ वासला. 

"काय बे सिदू, तूच सांगितलं ना फोनवर," गहिनीनाथ दातओठ खात पुटपुटला.

सिदूनं चप्पल उंबऱ्याशी नीट ठेवली. "आजी, आबा रस्त्यानं कुनासाठी थांबंनात. डोळ्याला पानी, गाडीमागं पळतेले म्या सोता पाह्यले. आबा मातीशिवाय आसं जात न्हाईत कुटं. आमच्या घरच्या मातीला आबा सगळ्यांच्या आदी आलते. म्हनून मेंढरं मनकर्णापाशी सोडून आलो."

सारजाबाईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी वाटी खाली ठेवली आणि त्या इतक्या हसल्या की त्यांचं बोळकं सगळ्यांना दिसलं. "मला पोचवायला आला व्हय रं? इतकी मानसं? मंग आता जेवूनच जा." गल्लीतल्या बायका आपापल्या घरून भाकरीची टोपली आणायला धावल्या. वनमालानं आतूनच अंगणाकडं पाहिलं. या हातांचा तिनं इतकी वर्षं राग केला होता, आणि तेच हात कामधाम टाकून तिच्या आईसाठी उन्हात आले होते.

पण आत आबा पाटावरून उठत होते. दारात एवढी माणसं, आणि आबांचं अंग त्यांच्या ताब्यात राहिलं नव्हतं. तुपात बुडवलेला घास त्यांनी परत ताटात ठेवला होता. आता ते प्रत्येकाला भेटणार, प्रत्येकाला जाळीची गोष्ट सांगणार, मग गहिनीनाथची समजूत, मग चहा, मग दिवेलागण. दारात सारजाबाई हसता हसता थांबल्या होत्या आणि चौकट घट्ट धरून उभ्या होत्या.

वनमाला पाटासमोर बसली होती. तिनं हाक मारली नाही, त्यांचा सदरा ओढला नाही. तिनं हात वर केला. सबंध, डोक्याच्या वर, रस्त्याकडेला उभी राहिलेली माणसं करतात तसा.

आबा थांबले.

त्यांनी तिच्या हाताकडं पाहिलं. मग दारात उभ्या सासूकडं पाहिलं, तिच्या कोरड्या ओठांकडं पाहिलं. बाहेरच्या गर्दीला त्यांनी तिथूनच हात जोडले आणि म्हणाले, "मंडळी, जरा दम धरा. मी जेवतोय." आणि ते खाली बसले.

घास तोंडात गेला. सारजाबाईंनी मान हलवली आणि आपल्या ताटाशी येऊन टेकल्या. आबा चावत राहिले, मग वनमालाकडं वळून हळू आवाजात विचारलं, "दिवा गेला का गं?"

"सिरसाळ्यालाच गेलता."

"मंग तवाच कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी थांबले आसते."

 आबांनी ताटातला आणखी एक धोंडा फोडला, तूप घातलं आणि तो आधी सासूच्या ताटात ठेवला. अंगणात जीपगाड्या इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या, एका आवाजात घरघरत. सारजाबाईंनी घास उचलला आणि खाल्ला.